दोघींच्या हातचा केक

गल्लीत तिला सगळे भट्टी म्हणत. तोंडावर नाही अर्थात. तेवढी कुणाची छाती नव्हती. लग्नाआधीपासून ते गुडघे कुरकुरायला लागेपर्यंत ती कोपऱ्यावरच्या बेकरीत भट्टी सांभाळायची, हे त्या नावाचं एक कारण. दुसरं कारण तिचा स्वभाव. राग कायम नाकाच्या शेंड्यावर, आणि एकदा तापली की निवायला वेळ लागायचा. एकदा मालकाने ओलं सरपण आणलं म्हणून तिने त्याला असं काही सुनावलं की तो बिचारा आठवडाभर स्वतःच्याच दुकानात मागच्या दाराने येत-जात होता. पण तिच्या हातून कधी पाव करपला नाही, हेही लोक तितक्याच आदराने सांगत.

घर दोन भावांचं. थोरला भाऊ लवकर गेला. त्याच्यामागे त्याची बायको त्याच घरात राहिली. तिला आपण थोरलीच म्हणू. ती फळांच्या वखारीत फळं निवडायला जायची. धाकटा भाऊ घड्याळजी, पुढच्याच खोलीत त्याचं दुकान, आणि भट्टी ही त्याची बायको. म्हणजे दोन जावा, एक स्वयंपाकघर, आणि दोघींत मिळून एक मुलगी. मुलगी भट्टीच्या पोटची. पण बेकरीचं काम पहाटे सुरू व्हायचं, त्यामुळे पोरीची वेणी, दूध, शाळेचा डबा, तापातली रात्र, सगळं थोरलीकडे. मुलगी एकीला आई म्हणायची आणि दुसरीला मोठी आई, आणि अडीअडचणीला कुणाकडे धावायचं हे तिला बरोबर ठाऊक होतं.

बिघडलं ते त्यावरूनच. मुलीला लांब, समुद्रापलीकडे नोकरी मिळाली. तिने ती घ्यायचं ठरवलं, कागदपत्रं केली, तिकीट काढलं, आणि हे सगळं थोरलीला माहीत होतं. आईला मात्र एका दुपारी थोरलीच्या पलंगावर उघडी पेटी आणि तिच्यात घड्या घातलेले लोकरीचे कपडे दिसले तेव्हा कळलं.

"आईला आधी सांगितलं तर ती रडेल, आणि मग माझा पाय निघणार नाही, असं म्हणाली गं पोर," थोरली म्हणाली. "मी तरी काय करू?"

"पोर माझी, आणि शेवटी कळायचं ते मला?" भट्टीने डोक्यात राख घालून घेतली. "आजपासून तुमच्या हातचं पाणीसुद्धा मला चालणार नाही."

बोलून गेली. उचलली जीभ लावली टाळ्याला. असलं बोलणं माणूस संध्याकाळपर्यंत विसरतो. निदान विसरल्याचं दाखवतो. पण भट्टीला बोललेला शब्द मागे घेणं म्हणजे कमीपणा वाटायचा. मुलगी गेली, आणि घरात अबोला सुरू झाला. थोरलीने पहिले काही महिने प्रयत्न केले. भाजी वाढून ठेवायची, गरम पाण्याची पिशवी आणून द्यायची, "गुडघ्याला लाव गं" म्हणायची. पालथ्या घड्यावर पाणी. भाजी तशीच राहायची, पिशवी निवून जायची. मग तीही गप्प झाली. एकाच चुलीवर दोन वेळा दोन स्वयंपाक व्हायला लागले.

तरी एका घरात राहायचं म्हटलं की काही ना काही बोलावं लागतंच. त्यासाठी मांजर होतं. मोठा करडा बोका, नाव साहेब. "साहेब, नळाचं पाणी जाणार आहे, कुणाला भरून ठेवायचं असेल तर भरावं," असं थोरली म्हणायची. "साहेब, कुणीतरी दार उघडं टाकून गेलंय," असं भट्टी म्हणायची. साहेब दोघींचं ऐकून घ्यायचा आणि पाय चाटत बसायचा. घड्याळजी म्हणायचा, "या घरात सगळ्यात जास्त बोलणी कुणी खाल्ली असतील तर त्या मांजराने." तो स्वतः बायको आणि वहिनी यांच्यामध्ये इतकी वर्षं राहिला, पण एकीचं दुसरीला कधी सांगितलं नाही. भांडण मिटवायलाही गेला नाही. याला शहाणपण म्हणायचं की भित्रेपणा, ते मला ठरवता आलेलं नाही.

एवढ्या सगळ्यात एक गोष्ट मात्र दोघींच्या हातून व्हायची, ती म्हणजे केक.

मागच्या अंगणात नासपतीचं एक झाड होतं. पानगळीच्या दिवसांत ते एकदम फळायचं, आणि नासपती हे मोठं फसवं फळ. झाडावर पिकू दिलं तर आतून कुजतं. ते कडक असतानाच उतरवून, कागदावर पसरून, रोज उलटंसुलटं करत घरात पिकवावं लागतं. थोरली तिच्या पलंगाखाली लाकडी ट्रे सरकवून ठेवायची आणि झोपायच्या आधी वाकून एकेक फळ फिरवायची. जी जास्तीच पिकली, इतकी की हातात धरवत नाहीत, ती केकसाठी. ती कुठली घ्यायची हे फक्त तिला कळायचं. ओव्हन फक्त भट्टीला कळायचा. त्या ओव्हनचं दार नीट लागायचं नाही, त्याला लाकडाचा अडसर द्यावा लागे, आणि ताव कळायला भट्टी आतल्या पत्र्यावर मैद्याची चिमूट टाकून तिचा रंग बघायची.

अबोला सुरू झाल्यावरही केक थांबला नाही. फळं टाकून कशी द्यायची? थोरली गर सोलून, कुस्करून भांड्यात ठेवायची, त्यात लोणी, साखर, अंडी फेटायची, आणि अंगणात निघून जायची. मग भट्टी यायची, मैदा मिसळायची, पीठ भांड्यात ओतायची, भाजायची. केक झाला की दोघी आपापला तुकडा घेऊन आपापल्या खोलीत. हा तिच्या हातचा नाही, माझ्याही हातचा नाही, म्हणून तो चालतो, असा भट्टीने स्वतःपुरता न्याय लावला होता. वकिलालाही सुचला नसता.

अशी वर्षं गेली. मग या वर्षी, फळं उतरवून ट्रेमध्ये लावून झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली उठलीच नाही. अर्धांगवायूचा झटका. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. दवाखान्यातून तिला घरी आणून तिच्याच पलंगावर निजवलं. "त्यांना कळतंय सगळं असं वाटतं," डॉक्टर म्हणाले, "बोलता मात्र येणार नाही. जे घेतील ते मऊ करून भरवत राहा."

सकाळी एक नर्सबाई यायची. तिच्या हातून थोरली दूध घ्यायची, चार चमचे सूप घ्यायची. संध्याकाळी भट्टी वाटी घेऊन बसली की ओठ मिटायचे. मान फिरवायची नाही, रागाने बघायची नाही. फक्त ओठ घट्ट मिटून भट्टीकडे बघत राहायची. पहिल्या दिवशी भट्टीला राग आला. दुसऱ्या दिवशी लाज वाटली. त्यानंतर मात्र तिला फक्त भीती वाटायला लागली, कारण थोरलीची मनगटं दिवसेंदिवस काटकीसारखी होत चालली होती आणि नर्सबाईच्या हातूनही चार चमच्यांचे दोन झाले होते.

आता तिला एकच हवं होतं. थोरलीने आपल्या हातून एक घास घ्यावा. एकच. मग काय व्हायचं ते होवो.

आणि तरी गंमत बघा, तिला थोरलीशी बोलता येईना. कितीदा तोंड उघडलं, पण शब्द यायचे ते सवयीने मांजराकडेच वळून. "साहेब, कुणी दोन घास खाल्ले तर बरं होईल." सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात तो असा. पलंगावरची बाई ऐकत असायची, आणि साहेब जांभई द्यायचा.

एका संध्याकाळी खोलीत आंबूस गोड वास आला. भट्टीने पलंगाखाली वाकून ट्रे ओढला. नासपती! या गडबडीत त्यांना कुणी फिरवलंच नव्हतं. काही काळी पडली होती, काहींतून रस गळून कागद चिकटला होता. त्यांच्याकडे बघता बघता तिच्या मनात आलं, माझ्या हातचं खात नाही, पण केक खाईल. केक तर दोघींचा.

तिने त्यातली सगळ्यात मऊ, सगळ्यात काळी फळं निवडली आणि त्याच रात्री घाईघाईने एकटीने केक केला. जन्मभर भट्टीवर उभी राहिलेली बाई, रंग तर सुरेख आला. सकाळी नवऱ्यापुढे तुकडा ठेवला. घड्याळजीने डोळ्यावरचं भिंग वर सरकवलं, घास खाल्ला, आणि बराच वेळ चावत राहिला.

"कडवट लागतोय," तो म्हणाला. "फळं सडलेली होती की काय? आणि मीठ कमी आहे."

"मीठ घातलंय मी."

"तू घातलंस. वहिनींचं राहिलं."

"म्हणजे?"

"म्हणजे त्या लोण्यात घालायच्या आणि तू मैद्यात घालायचीस," तो हलक्या आवाजात म्हणाला. "दर वर्षी. अबोला सुरू झाल्यापासून. तुला माहीत नाही त्यांनी घातलंय, त्यांना माहीत नाही तू घालणार आहेस. पहिल्या वर्षी मला वाटलं, कुणीतरी म्हणेल खारट झालाय. कुणीच बोललं नाही. मग तीच चव होऊन बसली. पोरगी अजून फोनवर विचारते ना, तसा केक इथे का मिळत नाही म्हणून?"

"आणि तुम्ही इतकी वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात?"

"सांगितलं असतं तर एकीने मीठ बंद केलं असतं," घड्याळजी म्हणाला. "मग तुमच्यात एकत्र असं राहिलं काय असतं?"

भट्टी ताडकन उठली. ती केक घेऊन अंगणात गेली, तो झाडाखाली कुस्करून टाकला, आणि तिथेच पायरीवर बसून रडली. तिला थोरलीचा इतका राग कधी आला नव्हता आणि तिच्याबद्दल इतकी माया पण कधी दाटून आली नव्हती, दोन्ही एकदमच.

दुपारी तिने उरलेला ट्रे पलंगाखालून ओढून थोरलीच्या डाव्या हाताशी, चादरीवर ठेवला. "साहेब," ती म्हणाली, "यातली कुठली घ्यायची ते मला कळत नाही. मी आतून सडलेली घेतली."

थोरलीने फळांकडे पाहिलं. मग डावा हात हलला. भट्टीने तिच्या तळव्यात एक नासपती ठेवली. थोरलीने अंगठा देठाजवळ, मानेवर टेकवला, हळूच दाबला, आणि फळ सोडून दिलं. ते घरंगळून पायाशी गेलं. दुसरं दिलं, तेही गेलं. तिसऱ्यावर अंगठा थांबला. तिने ते आपल्या कुशीशी ओढून घेतलं. बाहेरून ते काही फार चांगलं नव्हतं, सालीवर डाग होते, पण भट्टीने कापलं तेव्हा आत मधासारखा पिवळा, पाणीदार गर निघाला. ज्यांची सगळ्यात गुळगुळीत साल, तीच नेमकी आत तपकिरी झालेली. सगळा ट्रे संपायला खूप वेळ लागला. थोरली मधे मधे दमून डोळे मिटायची, आणि भट्टी फळ हातात धरून थांबायची. वखारीत दिवसाला गाड्याच्या गाड्या निवडणारा हात तो. आता एकेक फळ त्याला जड जात होतं. शेवटी कुशीशी जमलेली फळं दोघींनी मिळून मोजावीत इतकीसुद्धा नव्हती, पण एका केकला पुरली.

तिने थोरलीच्या डोळ्यांसमोरच गर कुस्करला, लोणी, साखर, अंडी फेटली. एक चिमूट मीठ लोण्यात टाकलं. थोरलीने ते पाहिलं. मग भट्टीने स्वयंपाकघरात जाऊन मैदा मिसळला आणि दुसरी चिमूट तिथे टाकली. ओव्हनच्या पत्र्यावर मैद्याची चिमूट टाकून रंग बघितला, दाराला अडसर लावला, आणि स्टुलावर बसून राहिली. घरभर वास सुटला तसा पुढच्या खोलीतून घड्याळजी उठून आला, दारात उभा राहिला, आणि परत गेला.

संध्याकाळी कोमट दुधाची वाटी आणि बशीत एक जाड तुकडा घेऊन ती पलंगाच्या कडेला बसली. तुकड्याची कड दुधात भिजवून चमचा थोरलीच्या ओठांशी नेला.

ओठ मिटलेलेच.

"साहेब..." भट्टीने मागे वळून पाहिलं. बोका खोलीत नव्हता. चमच्यातलं दूध चादरीवर सांडलं. आता तिच्याकडे काहीच उपाय उरला नव्हता.

मग थोरलीचा डावा हात पांघरुणातून बाहेर आला. तो घसटत घसटत बशीपर्यंत गेला, बोटांनी केकचा तुकडा मोडला, अर्धा भुगा तिथेच सांडला. उरलेला तिने उचलला. भट्टीला वाटलं, आता स्वतःच खाणार. पण हात तोंडाकडे गेला नाही. तो भट्टीकडे आला, आणि हवेतच थरथरत थांबला.

थोरलीच्या मनात नेमकं काय होतं ते आता कोण सांगणार? पण भट्टीला त्या क्षणी जे कळलं ते असं. ही रुसलेली नव्हती. जी बाई माझ्या हातचं पाणी पीत नाही, तिच्या हातून मी कशी खाऊ, एवढंच तिचं म्हणणं होतं. आणि ते सांगायला आता तिच्याकडे ओठ मिटण्याशिवाय काही नव्हतं. इतक्या संध्याकाळी ती हेच सांगत होती, आणि आपण मांजराशी बोलत होतो.

भट्टीने वाकून तोंड उघडलं. थोरलीची बोटं तिच्या दातांना लागली, थंडगार. केक गोड होता, किंचित खारट होता, आणि त्यात नासपतीचा पाणीदार गर होता. थोरली तिच्या घशाकडे बघत होती, लहान पोराने औषध गिळलं की नाही बघतात तसं. भट्टीने गिळलं.

"ताई," ती म्हणाली. इतक्या वर्षांनी, सरळ तिच्याकडे बघून. "ताई, आणखी द्या."

हात पुन्हा बशीकडे गेला. पुन्हा मोडलं, पुन्हा सांडलं, पुन्हा वर आला. भट्टी रडत रडत खात होती. "आणखी द्या," म्हणत होती, आणि प्रत्येक घासाला थोरलीच्या तोंडाची धडधाकट बाजू जराशी वर जात होती. तो जाड तुकडा संपेपर्यंत ती भरवत राहिली. मग हात पांघरुणावर पडला.

"आता माझी पाळी," भट्टी म्हणाली. "आता तुम्ही घ्यायचं, ताई. माझ्या हातून."

तिने ताटलीतून नवा तुकडा आणला, दुधात अगदी मऊ केला, चमचा पुढे नेला. थोरलीने लगेच तोंड उघडलं. जराही वाट पाहायला लावली नाही. घास जिभेवर बसला. भट्टी तिच्या घशाकडे बघत राहिली. घसा हलला नाही. थोड्या वेळाने दूध ओठांच्या कडेने बाहेर आलं आणि मागोमाग केकही. भट्टीने रुमालाने पुसलं, छोटासा घास केला, पुन्हा चमचा नेला. थोरलीने पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा तसंच झालं.

रात्री डॉक्टर आले. त्यांनी टॉर्च लावून पाहिलं आणि घड्याळजीला बाजूला घेऊन सांगितलं, गिळणं थांबलंय. सकाळी नर्सबाईच्या हातूनही दूध गेलं नव्हतं. ते सांगायचं तिच्याकडून राहून गेलं होतं. आधी आणला असता हा केक तर, चार दिवस आधी, निदान दोन दिवस आधी, तर एक घास गेला असता, हे भट्टीला कुणी सांगायची गरज नव्हती.

त्यानंतर थोरलीने डोळे फारसे उघडले नाहीत. भट्टी उशाशी बसून तिच्याशी बोलत राहिली. काय वाटेल ते बोलत होती. गुडघ्यांबद्दल, बेकरीच्या नव्या मालकाबद्दल, पोरीच्या लहानपणीच्या गोवराबद्दल. तुंबलेलं सगळं एकदम निघालं. दोन दिवसांनी, ती बोलत असतानाच, थोरली गेली. भट्टी आणखी थोडा वेळ बोलत होती, मग तिच्या लक्षात आलं.

मुलगी पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. ती सामान दारातच टाकून स्वयंपाकघरात आली, ओट्यावर झाकून ठेवलेला केक तिने पाहिला, आणि झाकण हातात धरून तशीच उभी राहिली.

"आई, मोठ्या आईने खाल्ला का गं?"

भट्टी ओव्हनपाशी पाठमोरी उभी होती. ती वळली नाही.

"तोंड उघडलं होतं तिने," ती म्हणाली. "दोनदा उघडलं होतं गं, माझ्यासाठी."